शब्दांवर धाड

अमेरिकेच्या राजधानीच्या, म्हणजे वॉशिंग्टन शहराच्या मतदारांनी ३ नोव्हेंबर १९९८ रोजी एका प्रश्नावर कौल दिला. गंभीर आजाराच्या रुग्णांना डॉक्टरच्या शिफारशीवरून गांजा वापरू द्यावा का, एवढाच तो प्रश्न. मतदान नीट पार पडलं. निकाल मात्र लागला नाही. त्या रात्री नाही, त्या महिन्यात नाही, त्या वर्षातही नाही. मतदानाच्या थोडंच आधी अमेरिकी काँग्रेसने राजधानीच्या अंदाजपत्रकात एक दुरुस्ती घुसवली होती. अमली पदार्थांवरची बंदी उठवणाऱ्या किंवा शिक्षा सौम्य करणाऱ्या लोकमतावर शहराने पैसा खर्चायचा नाही, असं ती सांगत होती. जॉर्जियाचे खासदार बॉब बार यांनी ती मांडली होती. मतपत्रिका तोवर छापून झाल्या होत्या. म्हणजे लोकांनी मत द्यायला हरकत नव्हती, त्यांनी काय मत दिलं हे सांगायला बंदी होती. सप्टेंबर १९९९ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ही बंदी मोडली. मतदाराचा कौल हा राजकीय आविष्कारच आहे आणि तो कोंडून ठेवता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. आकडा बाहेर आला : ६९ टक्के बाजूने.

या प्रकरणात मला गांजापेक्षा ते दहा महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. कौल लागला असता तरी काँग्रेसला तो रद्द करण्याचा अधिकार होताच. पुढे तिने तो वापरलाही. मग निव्वळ आकड्याची एवढी धास्ती का? आकडा कुणी ओढत नाही, टोचून घेत नाही.

अमली पदार्थांच्या कायद्याला बोलण्याची भीती वाटते, याचं कारण त्या गुन्ह्याच्या घडणीतच आहे. चोरी झाली की ज्याचं गेलं तो फिर्याद देतो. मारहाणीत जखमी माणूस समोर असतो. इथे विकणारा आणि घेणारा दोघंही राजीखुशीने आलेले असतात आणि दोघांनाही गप्प राहायचं असतं. फिर्यादी नसलेला गुन्हा पकडायचा तर खबरे लागतात, झडत्या लागतात, चोरून ऐकलेले फोन लागतात. एवढं करूनही माल मिळेलच असं नाही. शब्द मात्र नेहमीच मिळतात. ते छापलेले असतात, पडद्यावर असतात, बोलणाऱ्याच्या नावासकट असतात. ज्या तपासयंत्रणेला कायम पुरावा कमी पडतो, तिची नजर आज ना उद्या शब्दांकडे वळणारच.

अमेरिकेतच १९९९ साली हे अगदी उघडपणे घडलं. मेथॅम्फेटामाइन हे घरातल्या भट्टीवर बनणारं उत्तेजक पश्चिमेकडच्या राज्यांत पसरलं होतं. भट्ट्यांचे स्फोट होत होते, विषारी कचरा मागे राहत होता, त्या घरांतली मुलं आजारी पडत होती. प्रश्न खरा होता, हे आधीच मान्य करतो. यूटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच आणि कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट डायान फाइनस्टाइन यांनी मिळून विधेयक आणलं. त्यात भट्ट्यांची सफाई, तपासयंत्रणेला मनुष्यबळ, उपचारांसाठी निधी अशा रास्त गोष्टी होत्या. त्यांच्याच पंक्तीला एक कलम बसवलं होतं. अमली पदार्थ बनवण्याची किंवा वापरण्याची माहिती, पूर्ण अथवा अंशतः, कोणत्याही मार्गाने पसरवली, आणि ती गुन्ह्यासाठी वापरली जावी असा हेतू असला किंवा समोरचा ती तशी वापरणार हे ठाऊक असलं, तर दहा वर्षांपर्यंत कैद. अमली पदार्थ आणि नशेची साधनं यांच्या जाहिरातींवरची तरतूद तर आडवळणाच्या जाहिरातीपर्यंत, म्हणजे एखाद्या संकेतस्थळाकडे नेणाऱ्या दुव्यापर्यंत पोचत होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिनेटने हे विधेयक एकमुखाने संमत केलं. नशेविरुद्धच्या विधेयकाविरुद्ध हात वर करायला कोण धजणार?

कलमाचा मसुदा वरवर पाहता सावध दिसतो. हेतू हवा, जाणीव हवी. मेख 'वापरण्याची' या शब्दात आहे. बनवण्याची कृती आणि वापरण्याची माहिती यांत फार अंतर आहे. जवळ बाळगणं हाच गुन्हा असेल, तर वापरणाऱ्याला दिलेली कुठलीही माहिती गुन्हेगाराला दिलेली माहिती ठरू शकते. 'एकट्याने घेऊ नका', 'दारूबरोबर घेऊ नका', 'सुई दुसऱ्याची वापरू नका', हे सांगणाऱ्या कार्यकर्त्याला समोरचा ते ऐकून काय करणार आहे याची पुरेपूर जाणीव असते. म्हणून तर तो सांगत असतो. न्यायालयात असा खटला टिकला असता का, हा वेगळा मुद्दा. खटल्याच्या नुसत्या शक्यतेनेच पत्रक छापणाऱ्याचा हात थबकतो. दहा वर्षांचा तुरुंग टांगणीला असताना 'बघू, कोर्टात काय होतं ते' असं म्हणणारी माणसं थोडी.

२००० साली प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीत हे कलम गळालं. बाकीचा कायदा मुलांच्या आरोग्यविषयक एका भल्यामोठ्या कायद्याला जोडून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमलात आला. मूळ विधेयकात घरमालकाला लगेच न कळवता झडती घेण्याची मुभाही होती. तीही तेव्हा गळाली. मात्र ११ सप्टेंबरनंतरच्या २००१ च्या पॅट्रियट कायद्यात तसल्याच झडतीला जागा मिळाली. पुढच्या दाराने बाहेर काढलेलं मागच्या दाराने आत येतं, ते असं.

जाता जाता एक निरीक्षण. अशी कलमं बहुधा मुलांच्या नावाने चाललेल्या गाडीतून प्रवास करतात. २००३ साली, जागेत नशा चालते हे ठाऊक असूनही ती वापरू देणाऱ्या मालकाला जबाबदार धरणारी तरतूद अमेरिकेत आली, ती मुलांच्या अपहरणाविरुद्धच्या कायद्याला चिकटून. अपहरणाविरुद्धच्या कायद्याला विरोध करणार कोण? काही आठवड्यांतच मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावात तिचा पहिला प्रताप दिसला. तिथे संगीताचा एक कार्यक्रम ठरला होता, गांजाविषयक कायदा बदलावा म्हणून काम करणाऱ्या गटांना निधी उभा करण्यासाठी. फेडरल अधिकारी सभागृहाच्या चालकांकडे नव्या कायद्याची प्रत घेऊन गेला आणि अडीच लाख डॉलरपर्यंतच्या दंडाची कल्पना दिली. कार्यक्रम रद्द झाला. कायदा नशेच्या अड्ड्यांसाठी केला होता, लागू झाला कायदा बदला म्हणणाऱ्यांवर.

आणि डॉक्टर? १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी गांजाला परवानगी दिली. महिना-दोन महिन्यांत फेडरल सरकारने जाहीर केलं की जो डॉक्टर गांजाची शिफारस करील, त्याचा नियंत्रित औषधं लिहून देण्याचा परवाना काढून घेतला जाईल. गांजा देणं तर सोडाच, पण 'तुम्हाला कदाचित उपयोग होईल' एवढं म्हणणंही महागात पडणार होतं. एड्सच्या रुग्णांवर उपचार करणारे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. मार्कस कोनंट आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या निकालात न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी जोडलेलं स्वतंत्र मत मला फार मर्माचं वाटतं. गप्प राहण्यात डॉक्टरचं फारसं काही जात नाही, असा त्याचा आशय. बोललो तर परवाना जाईल, गप्प राहिलो तर आपलं सगळं सुरळीत. किंमत मोजतो तो टेबलाच्या पलीकडे बसलेला, ज्याला खरं ऐकायचं होतं.

आविष्कारस्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोलणारा येतो : फलक धरलेला, लेख लिहिणारा, चार माणसांना डिवचणारा. असे लोक असतातच. अलास्कातल्या एका शाळकरी मुलाने २००२ मध्ये ऑलिंपिक मशाल जाताना टीव्हीवर दिसावं म्हणून गांजा आणि येशू यांची मोट बांधणारा एक अर्थहीन फलक फडकवला. त्यावरून २००७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला शाळेने केलेली शिक्षा योग्य ठरवण्यासाठी पानंच्या पानं लिहावी लागली. अशा प्रकरणांत वेळ छान जातो. नशेच्या बाबतीत मात्र खरा हक्क ऐकणाऱ्याचा असतो. त्याच्या जिवाशी खेळ असतो.

डिसेंबर २०१४ मधली गोष्ट घ्या. सुपरमॅनचं चिन्ह असलेली गुलाबी गोळी एक्स्टसी या नशेच्या नावाखाली युरोपात विकली जात होती. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून सरकारी पैशाने चालणारी व्यवस्था आहे : वापरणारा स्वतःहून गोळी आणून देतो, नाव विचारलं जात नाही, आत काय आहे ते त्याला सांगितलं जातं. या तपासणीत त्या गोळीत पीएमएमए हे कितीतरी घातक रसायन सापडलं. ते सावकाश चढतं, त्यामुळे 'काहीच होत नाही' असं वाटून माणूस दुसरी गोळी घेतो आणि मरतो. डच यंत्रणेने देशभर धोक्याचा इशारा दिला, गोळीच्या चित्रासकट. ब्रिटनमध्ये तसा सार्वजनिक इशारा वेळेत पोचला नाही. नाताळ-नववर्षाच्या त्या दिवसांत तिथे चार जण दगावले.

आता १९९९ चं ते कलम या इशाऱ्यावर ठेवून पाहा. अमली पदार्थाच्या वापराविषयीची माहिती, वापरणाऱ्यांसाठीच, ते वापरणार हे पक्कं ठाऊक असताना दिलेली. फरक उरतो तो फक्त सरकारने दिली की दुसऱ्या कुणी दिली एवढाच.

रशियाने तर सरकारबाहेरच्या माणसाला तेवढीही सवड ठेवली नाही. तिथल्या १९९८ च्या कायद्यात अमली पदार्थांच्या 'प्रचारावर' बंदी आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत आंद्रेई रिल्कोव फाउंडेशन या संस्थेचं संकेतस्थळ बंद करायला लावलं गेलं. तिचा गुन्हा काय, तर हेरॉइन सोडू पाहणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या मेथाडोनविषयीचा मजकूर. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलेलं हे औषध रशियात बेकायदा आहे. ते बेकायदा आहे म्हणून त्याच्याबद्दल चांगलं बोलणं म्हणजे प्रचार, आणि कुणी चांगलं बोलत नाही म्हणून ते बेकायदाच राहतं. या गोल भिंतीला दार कुठून पाडणार? फ्रान्समध्येही अमली पदार्थांचं 'अनुकूल चित्र' रंगवणाऱ्याला पाच वर्षं कैद आणि ७५,००० युरो दंडाची तरतूद आहे. लोकशाही देश आहे, ती क्वचित वापरली जाते, असं म्हणता येईल. पण जो कायदा क्वचित वापरायचा असतो तो कुणावर वापरायचा हे कोण ठरवतं, हा प्रश्न मग आणखीच टोकदार होतो.

आपल्याकडेही तो प्रश्न येऊन गेला आहे. पंजाबातल्या नशेवर बेतलेल्या एका हिंदी चित्रपटातून खुद्द पंजाबचे उल्लेख काढून टाकावेत, असा प्रमाणन मंडळाचा आग्रह होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. १३ जून २०१६ रोजी न्या. एस. सी. धर्माधिकारी आणि न्या. शालिनी फणसळकर-जोशी यांच्या खंडपीठाने एकच काटछाट ठेवून चित्रपट मोकळा केला. तो चित्रपट नशेचं कौतुक करत नव्हता, हे विशेष. नशा कुठे आहे एवढंच तो सांगत होता, आणि अडचण त्याचीच होती.

शब्दांना मोकळीक द्या म्हणणाऱ्याने शब्दांमुळे होणारं नुकसान नाकारू नये. माझं तर म्हणणं उलट आहे : अमली द्रव्यांबद्दलच्या शब्दांनी माणसं मेली आहेत, आणि मोठ्या संख्येने. फक्त ते शब्द भट्टीवाल्यांचे नव्हते. अमेरिकेत १९९५ च्या अखेरीस ऑक्सिकाँटिन या अफूवर्गीय वेदनाशामकाला मंजुरी मिळाली. गोळीतलं औषध हळूहळू शोषलं जात असल्याने तिचा गैरवापर कमी होईल असं मानलं जातं, अशा अर्थाचं वाक्य सरकारमान्य माहितीपत्रकातच होतं. त्या वाक्याच्या बळावर विक्री प्रतिनिधी दवाखान्यांच्या दारी गेले. २००७ साली ही गोळी बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने दिशाभूल करणारा प्रचार केल्याचा गुन्हा कबूल केला. दंड आणि भरपाई मिळून रक्कम सहाशे दशलक्ष डॉलरच्या घरात गेली. तोवर गोळीची सवय लागलेले बरेच जण पुढे हेरॉइनकडे आणि नंतर त्याहूनही जहाल अशा फेंटॅनिलकडे वळले. २०२१ मध्ये एका वर्षात अमेरिकेत अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसं मेली. हा सगळा आकडा एका कंपनीच्या माथी मारणं चूक ठरेल. पण काळ जुळवून पाहावा. सिनेटर ज्या वर्षी भट्टीच्या कृतीचे कागद आणि संकेतस्थळांचे दुवे शोधत होते, त्याच वर्षी सर्वांत घातक मजकूर गुळगुळीत कागदावर छापून, सही-शिक्क्यानिशी, डॉक्टरांच्या टेबलावर पोचत होता.

विक्रेत्याने पैशासाठी मारलेली थाप हा आविष्कारस्वातंत्र्याचा प्रश्न नाही. ती फसवणूक आहे आणि तिच्यासाठी कायदे आधीपासून आहेत. तसंच एखाद्याला भट्टी लावून देणारा, समोर बसून शिकवणारा, नफ्यात वाटा घेणारा माणूस साथीदार आहे. त्याला पकडायला कटाची आणि साहाय्याची कलमं पुरेशी आहेत. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ब्रँडेनबर्ग खटल्यात आखलेली रेषा मला अजूनही बरोबर वाटते : तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्यासाठी केलेली आणि ते घडण्याची शक्यता असलेली चिथावणी दंडनीय, बाकी सगळं बोलणं मोकळं. फसवणूक, साथ आणि चिथावणी वगळून जी जागा उरते तिथे डॉक्टर, कार्यकर्ते, पत्रकार, संशोधक, मतदार आणि भेदरलेले आईबाप असतात. नवं कलम पडतं ते नेमकं त्यांच्यावर.

'पण इंटरनेटवरच्या कृती वाचूनच तर भट्ट्या लागल्या' असं कुणी म्हणेल. काही लागल्याही असतील. त्या कमी कशाने झाल्या ते पाहू. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन हा त्या भट्ट्यांचा कच्चा माल होता. २००६ मध्ये अमेरिकेने या गोळ्या काउंटरच्या मागे नेल्या, खरेदीला मर्यादा घातली, ओळखपत्र आणि नोंद सक्तीची केली. ओरेगनने तर चिठ्ठीशिवाय विक्रीच बंद केली. छोट्या भट्ट्यांची संख्या झपाट्याने घसरली. कृती तेव्हाही सगळीकडे उपलब्ध होती, गोळ्या मात्र मिळेनाशा झाल्या. अर्थात खेळ तिथे संपला नाही. उत्पादन मेक्सिकोतल्या मोठ्या टोळ्यांकडे गेलं आणि त्यांनी वेगळ्या रसायनांपासून तोच माल बनवायला सुरुवात केली. मागणी असेपर्यंत हे असंच चालायचं, आणि मागणी कमी होते ती उपचारांनी.

इथे प्राधान्यक्रमाचा मुद्दा येतो. कायदेमंडळाच्या दृष्टीने शब्दांवरचं कलम फुकट असतं. त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. उपचारकेंद्रातली खाट, समुपदेशकाचा पगार, मेथाडोनचा रोजचा डोस, गोळ्या तपासणारी प्रयोगशाळा या सगळ्यांना दरवर्षी पैसा लागतो, आणि त्यांचं उद्घाटन करून फोटोही फारसा चांगला येत नाही. एका ओळीचं कडक कलम मात्र संध्याकाळच्या बातम्यांत शोभून दिसतं. मग खाटांचा खर्च पुढच्या अधिवेशनावर जातो.

भीतीने लिहिलेल्या कायद्याची किंमत भलत्यालाच द्यावी लागते, हे आपण स्वतः पाहिलं आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने जबर शिक्षा आणि परवान्यांची अशी साखळी उभी केली की रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन हे अफूपासूनचं वेदनाशामक ठेवणंच सोडून दिलं. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. भारत कायदेशीर अफूच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक. इथल्या अफूपासूनचं औषध जगभर जात राहिलं आणि इथला कर्करोगाचा रुग्ण तळमळत राहिला. संसदेला ही गाठ सोडवायला २०१४ उजाडलं. ती सुटली कशी, तर वेदनाशमनाचं काम करणारे डॉक्टर वर्षानुवर्षं एका अमली पदार्थाच्या बाजूने जाहीरपणे बोलत राहिले, लिहीत राहिले, अर्ज करत राहिले, म्हणून. 'अनुकूल चित्र' रंगवण्यावर आपल्याकडे बंदी असती तर हे डॉक्टर कोणत्या बाजूला दिसले असते?

कधीकधी बोलणं म्हणजे फक्त एक फोन असतो. मित्र निळा पडतोय, श्वास थांबतोय, आणि फोन केला तर रुग्णवाहिकेबरोबर पोलीसही येणार. २००७ साली न्यू मेक्सिको राज्याने अमेरिकेत पहिल्यांदा कायदा केला की अतिमात्रेच्या प्रसंगी मदत मागणाऱ्यावर अमली पदार्थ बाळगल्याचा खटला भरायचा नाही. नंतर बहुतेक राज्यांनी तो मार्ग धरला. अमली पदार्थांच्या कायद्यात शब्दांविषयी एखादं कलम घालायचंच असेल, तर ते मला असं हवं आहे : बोलणाऱ्याला अभय देणारं.

वॉशिंग्टनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ६९ टक्क्यांचा कौल जाहीर झाला तरी काँग्रेसने तो आणखी दहा वर्षं अमलात येऊ दिला नाही. बार दुरुस्ती उठली ती २००९ च्या अखेरीस. उठावी म्हणून खटपट करणाऱ्यांत २००७ पासून एक नवा माणूस सामील झाला होता. गांजाचे कायदे बदलू पाहणाऱ्या एका संघटनेच्या वतीने तो काँग्रेसच्या सदस्यांना भेटत होता, ही दुरुस्ती चूक आहे, ती काढून टाका, असं पटवत होता. त्याचं नाव बॉब बार.